डाव्या बाजूची सीट

माझ्या नवऱ्याला त्याच्या गाडीतून बाहेर काढायला त्या दसऱ्याला दोन माणसं लागली. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले. काखेतले हात त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचे, म्हणजे माझ्या दिराचे होते, आणि तो ओढता ओढता हसत होता.

"दादा, थोडा तुम्ही बी जोर लावा ना. का जेसीबी बोलवू? कोपऱ्यावर उभाच हाये."

नवऱ्याचा नवा सदरा बगलेत फाटला. दिराच्या सुनेने हे सगळं मोबाईलवर घेतलं आणि आम्ही घरी पोचायच्या आत ते घरच्या ग्रुपवर आलं. त्याखाली पंधरा-वीस हसरे चेहरे होते. त्यातला एक मी टाकलेला होता.

गाडी दोन दारांची, बुटकी, पसरट. परतूरची त्याची कापसाची जिनिंग जोरात होती तेव्हा त्याने ती पुण्याहून जुनी म्हणून आणली. इथल्या रस्त्यांसाठी ती नव्हतीच. जुन्या जालन्यातल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट खरवडायचं, म्हणून तो ती तिरपी घालून एकेक चाक चढवायचा आणि मागचे रिक्षावाले शिव्या द्यायचे. रविवारी वाटूर फाट्यापर्यंत न्यायची, तिथे चहा प्यायचा, लोकांनी गाडीभोवती फिरून बघायचं, परत यायचं. आणि दसऱ्याला धुऊन, झेंडूची माळ घालून, चाकाखाली लिंबू ठेवून गावाच्या शिवेबाहेर न्यायची, मग घरोघरी आपट्याची पानं वाटत फिरायचं. एवढाच तिचा उपयोग. पण त्याच्या बाबतीत लोकांना आठवावं असं तेवढंच होतं.

मग, त्या दसऱ्याच्या आधी, त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं. कमरेत दोन सळ्या बसवल्या. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, चाला, सगळं करा, फक्त कमरेत वाकायचं नाही. आणि त्या गाडीची सीट जमिनीपासून जेमतेम दीड वीत. तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं, आणि उठायचं कसं ते मी वर सांगितलं आहे.

त्याच दिवशी मी त्याला दिराच्या दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढच्या दसऱ्याला स्वतःच्या स्वतः गाडीत बसायचं आणि स्वतःच्या स्वतः उठायचं. कोणी हात लावणार नाही. नाही जमलं तर गाडी विकायची."

"ठरलं," तो म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही साक्षीदार."

"मी तं व्हिडिओच घेतो ना, वहिनी," दीर म्हणाला.

चार माणसांत शब्द घेतला, कारण नवरा घरात दिलेला शब्द फिरवतो, बाहेरचा फिरवत नाही.

त्याने ते वर्ष वाया घालवलं नाही, हे मान्य करावं लागेल. मोबाईलवर बघून बघून त्याने शोधून काढलं की ह्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलला विजेवर हलणाऱ्या स्पोर्ट्स सीट होत्या. सीटच्या बाहेरच्या कुशीला, दाराच्या बाजूला बटणं. दार उघडून उभ्या उभ्या बटण दाबलं की सीट मागे येते आणि वर उठते. त्यावर टेकायचं, पाय आत घ्यायचे, पुन्हा बटण, सीट खाली आणि पुढे. उतरताना उलट. वाकायचं कामच नाही. तो मला तो व्हिडिओ जेवताना दाखवायचा. एका गोऱ्या म्हाताऱ्याला सीट उचलून घ्यायची आणि नवरा घास हातात धरून बघत राहायचा.

आमचे मिस्त्री जुन्या जालन्यात, कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत. गाडी आली त्या दिवसापासून त्यांच्याच हातात. ते म्हणाले, "सेठ, नवी सीट मिळत न्हाई. मिळाली तं भंगारातच. पन बसंल. तळ एकच हाये दोन्ही गाड्यांचा." त्यांनी ड्रायव्हरची जुनी सीट काढली, उघड्या तळावर पुठ्ठा अंथरला, चार बोल्टांच्या जागा अंगठ्याने दाबून भोकं पाडली. मग मार्करने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ड्रायवर'. बाजूला पुढच्या दिशेचा बाण.

"माल कुठंबी बघा, पन हा पुठ्ठा जमिनीवर ठिवून त्याच्यावर सीट उभी करायची. चारी पाय चारी भोकावर आले तं बिलकुल घ्यायची. जरा बी इकडंतिकडं झालं तं हात लावायचा न्हाई."

जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या आहेत. त्यांच्यासाठी भंगाराचे कंटेनर कुठून कुठून येतात. कधी त्यात आखाताकडच्या ठोकलेल्या, अर्ध्या कापलेल्या गाड्याही असतात. भट्टीत जायच्या आधी भंगारवाले त्यांच्यातल्या सीटा, आरसे, दिवे काढून ठेवतात. दसरा पंधरा दिवसांवर आला तेव्हा एका गुरुवारी असाच निरोप आला: त्या मॉडेलची एक गाडी आली आहे, दोन्ही सीट शाबूत.

मिस्त्री म्हणाले, "शनिवारी जाऊ. मी येतो सोबत. उद्या जुम्मा हाये, दुकान बंद."

"शनिवारपर्यंत कोणी उचलून नेली तं?" नवरा म्हणाला. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघंच गेलो. पिकअपमधून, कारण सीटा आणायच्या होत्या. पिकअप मी चालवते. परतूरला माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे आणि भरलेली पिकअप रोज जालना ते परतूर मीच नेते-आणते.

आता एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. सहा-सात वर्षांपूर्वी त्याच्या त्या गाडीतून आम्ही येत होतो. वाटूरच्या अलीकडे त्याच्या छातीत दुखायला लागलं. घाम फुटला, ओठ पांढरे पडले. त्याने गाडी कडेला घेतली. मी म्हटलं, चावी द्या, मी चालवते, दहा मिनिटांत दवाखाना. त्याने चावी काढून मुठीत घट्ट धरली.

"तुला झेपायची न्हाई ही. क्लच फोडशील."

"तुम्ही मराल इथं."

"मरू दे."

त्याने परतूरहून जिनिंगचा ड्रायव्हर बोलावला. तो येईपर्यंत चाळीस मिनिटं मी त्या रस्त्याच्या कडेला डाव्या बाजूला बसून राहिले, नवरा मरतो की काय हे बघत. शेवटी ते पित्त निघालं. ड्रायव्हरने आम्हाला घरी सोडलं, तेव्हा मी मागच्या चिंचोळ्या जागेत दुमडून बसले होते, कारण डावी सीट पेशंटला लागली. चावी त्याने ड्रायव्हरच्या हातात माझ्या समोरच दिली.

हे मी नंतर कधी बोलून दाखवलं नाही. त्याला वाटलं मी विसरले.

भंगाराच्या आवारात त्या गाडीचा पुढचा अर्धा भाग मातीत पडलेला होता. टप दबलेलं, काच गेलेली. दोन्ही सीटा काढून गोणपाटावर ठेवल्या होत्या. एक साधी दिसत होती, दुसरीच्या कुशीला बटणांची रांग. भंगारवाल्याने बॅटरीच्या दोन वायरी लावल्या आणि बटण दाबलं. सीट कुरकुर न करता उठली. मागे गेली. पाठ टेकली, पुन्हा सरळ झाली. नवऱ्याच्या तोंडावर असं काही आलं की भंगारवालाही हसला.

"साहेब, आठ मोटारी हायेत हिच्यात. दुसरीत दोनच, पुढंमागं अन् पाठ. जोडी घ्यावी लागंल."

"पुठ्ठा टाक," नवरा मला म्हणाला. त्याला वाकता येत नव्हतं. मी पुठ्ठा जमिनीवर ठेवला, 'ड्रायवर' वर. दोन माणसांनी बटणांची सीट उचलून त्याच्यावर ठेवली. दोन पाय भोकांवर आले, दोन चांगले तीन बोटं बाहेर.

"नाही बसत," मी म्हटलं.

"असं कसं? तळ एकच हाये म्हनले ना मिस्त्री. उलटा करून बघ पुठ्ठा."

मी पुठ्ठा उचलला आणि मला त्या अर्ध्या गाडीचं स्टिअरिंग दिसलं. डावीकडे होतं. आखातात ड्रायव्हर डावीकडे बसतो. म्हणजे आठ मोटारींची, वर उठणारी सीट ही डाव्या बाजूची; आपल्याकडे त्या बाजूला ड्रायव्हरच्या शेजारचा बसतो. आणि उजवीकडची, जिच्यावर माझ्या नवऱ्याला बसून गाडी चालवायची होती, ती दुसरी. वर न उठणारी.

हे सगळं समजायला मला पुठ्ठा उलटा करण्याइतकाही वेळ लागला नाही. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. तो थांबला असता, दुसरीकडे शोधलं असतं, कदाचित मिळालीही असती. मी पुठ्ठा पालथा घातला, 'ड्रायवर' मातीकडे, आणि बाजूला झाले. माणसांनी सीट ठेवली. चारी पाय चारी भोकांवर.

"बघ," तो म्हणाला. "मी म्हनलो न्हवतो?"

"बराबर बसली, साहेब," भंगारवाला म्हणाला. "पन एक सांगतो, कापलेला माल वापस घेत न्हाई."

मी गोंधळले नव्हते. माझ्या लक्षातून काही निसटलं नव्हतं. लोक नंतर स्वतःच्या वागण्याला असं काहीतरी नाव देतात, म्हणून सांगते. मला त्याला त्या गाडीत डावीकडे बसलेलं बघायचं होतं.

शनिवारी मिस्त्रींनी गोणपाट बाजूला केलं, सीटकडे बघितलं, मग बटणांकडे, मग पुन्हा सीटकडे. त्यांनी पुठ्ठा मागितला.

"सेठ, ह्याच्यावर मी लिहून दिल्तं. लिव्हलेलं वर होतं का खाली, तुम्ही सीट ठिवली तव्हा?"

नवरा म्हणाला, "म्हंजी?"

"वर होतं का खाली?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी ओढणीने हात पुसत होते.

"खाली," मी म्हटलं. "उलटा करा म्हणाले, मी केला."

मिस्त्रींनी डोक्याला हात लावला आणि त्याला समजावून सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. नंतर बराच वेळ नवरा त्याच त्याच वाटा शोधत राहिला.

"मंग हीच उजवीकडं बसव."

"पाय जुळत न्हाई, सेठ."

"पाय काप. वेल्डिंग मार."

"सीटच्या पायावर मी वेल्डिंग मारत न्हाई. शंभरच्या स्पीडला ब्रेक मारला अन् पाय उखडला, तं स्टेरिंग तुमच्या छातीत. मंग भाभी मला विचारतील, मिस्त्री, काय केलं हे?"

"नाही विचारणार," मी म्हटलं.

मिस्त्री हसले. नवरा हसला नाही.

सीटा बसवायला चार दिवस लागले. मिस्त्रींनी काम चोख केलं. गालिचा उचलून बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणली, तिच्यात फ्यूज टाकला; जुन्या वायरीवर आठ मोटारी जोडल्या असत्या तर गाडी पेटली असती, असं त्यांनी मला बजावून सांगितलं. डावीकडची सीट लिफ्टसारखी चालायला लागली. उजवीकडची पुढेमागे सरकायची. जमिनीपासून दीड वीत.

ते दहा दिवस नवरा रोज सकाळी अंगणात सराव करायचा. दाराची चौकट धरायची, स्वतःला सोडून द्यायचं, धप्प. मग उठायचं. उठणं एकदाही झालं नाही. मी परतूरला जायला निघालेली असायचे. जाता जाता त्याला हात देऊन उभं करायचे आणि पिकअप काढायचे. एकदा मी चहा पिऊन गेले, तोवर तो तसाच बसून होता.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी दीर, जाऊ, त्यांची सून, सगळे साक्षीला हजर. गाडीला माळ, चाकाखाली लिंबू. दिराने मोबाईल वर धरला.

"खिशात ठेवा, भाऊजी," मी म्हटलं. दया आली म्हणून नव्हे. तमाशा माझ्या अंगणात नको होता.

नवरा उजवीकडे बसला. धप्प. बसला, ते मोजलं. मग उठायला लागला. पहिल्यांदा चौकट धरून, दुसऱ्यांदा स्टिअरिंग धरून, तिसऱ्यांदा दोन्ही. मान लाल झाली, सदऱ्याच्या पाठीला घामाचा पट्टा उमटला. चौथ्या वेळी त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, बैल ओझ्याखाली काढतो तसा. जाऊ आत निघून गेली. दीरसुद्धा म्हणाला, "वहिनी, राहू द्या आता."

"ठरलंय," मी म्हटलं.

शेवटी त्याने हात पुढे केला. कोणाकडे ते न बघता. मी तो धरून त्याला उभं केलं.

"विकायची मग," मी म्हटलं.

तो टपावर हात टेकवत गाडीच्या पुढून वळसा घालून डावीकडे गेला. दार उघडलं. उभ्या उभ्या बटण दाबलं. सीट मागे आली, वर उठली. त्यावर टेकला, पाय आत घेतले, बटण दाबलं, खाली गेला. पुन्हा बटण. वर आला, पाय बाहेर टाकले, उभा राहिला. कपडेही चुरगळले नाहीत.

"बसलो," तो म्हणाला. "उठलो. कोन्या बाजूनं ते तू म्हनली न्हवतीस. भाऊ साक्षीदार हाये."

दीर टाळ्या वाजवायला लागला. नवरा पुन्हा आत बसला आणि त्याने चावी शेजारच्या सीटवर फेकली. "चल. शिवेबाहेर न्यायची हाये. का तुला बी हात द्यावा लागतो बसायला?"

तो शब्दाने जिंकला होता आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. मी बसले.

पहिल्या चौकात तो "क्लच सोड, क्लच सोड" करत होता. मोंढ्याचा बाजार ओलांडेपर्यंत "गतिरोधक, तिरपी घाल". तिरपी कशी घालायची ते मी चौदा वर्षं शेजारी बसून बघितलं होतं. शिवेबाहेर आपटा तोडला, पूजा केली. दिराची गाडी मागून आली. त्याने काच खाली केली.

"काय दादा, ड्रायवर ठिवला का?"

"ठिवला न्हाई. हुंड्यात आल्ता."

दीर हसत परत फिरला. रस्ता मोकळा होता. खरं तर तिथून मागे फिरायचं, पण मी गाडी वाटूरच्या दिशेने घेतली. तिसऱ्या गिअरला पाय दाबला आणि गाडीने मला सीटमध्ये मागे ढकललं. पिकअप असं कधी करत नाही. पिकअपला ढकलावं लागतं.

"पुठ्ठा तू ठिवला होतास," तो समोर बघत म्हणाला.

"हो."

"लिव्हलेलं दिसलं होतं तुला?"

"दिसलं होतं."

"स्टेरिंग?"

"तेही."

मला वाटलं, आता आवाज चढेल. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता, ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून कळत होतं.

"चौथा टाक," तो म्हणाला.

मी टाकला. त्यानंतर किती वेळ आम्ही गेलो, मला सांगता येणार नाही. कपाशीची रानं दोन्ही बाजूंनी मागे पडत होती, इंजिनाचा आवाज पायाच्या तळव्यातून वर येत होता, आणि मी कशाचाही विचार करत नव्हते. दुकान नाही, नळ्या नाहीत, शेजारी बसलेला माणूसही नाही. बावन्न वर्षांच्या बाईला असं काही नव्याने मिळतं यावर माझा विश्वास नव्हता. घरी येऊन मी गाडी स्वतः पुसली आणि रविवारी पुन्हा न्यायची असं मनात ठरवलं. बोलले नाही कोणाला.

रविवारी सकाळी दारात एक तरुण डॉक्टर उभा होता, छत्रपती संभाजीनगरहून आलेला. नवऱ्याने त्याला गाडी बघायला बोलावलं होतं. ते दोघं बॉनेट उघडून बघत होते. मी नवऱ्याला आत बोलावलं.

"अट तर तुम्ही पुरी केली. मग का विकताय?"

"उजवीकडं मला बसता येत न्हाई."

"डावीकडे येतं."

"येतं." त्याने पाण्याचा तांब्या उचलला, प्यायला, ठेवला. "चौथ्या गिअरला तुझं तोंड बघितलं मी. लग्नाला एकतीस वर्षं झाली. असं तोंड तू माझ्यासमोर एकदा बी केलं न्हाईस. ते मला दर रविवारी बघायचं न्हाई."

तो बाहेर गेला. पोहे गॅसवर होते, मी ते हलवले. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर डावीकडे बसून सीट वर-खाली करत होता.

"काका, हे कमाल काम आहे. पण एवढा खर्च ड्रायव्हरच्या सीटवर करायचा सोडून शेजारच्या सीटवर का केला?"

"बायकोसाठी केला," नवरा म्हणाला, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "तिच्या मनासारखं करून घेतलं."

मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेले. डॉक्टर गाडीतून उतरला, माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, नशीबवान आहात."

"हो," मी म्हटलं, आणि आत जाऊन कपाटातून गाडीचे कागद काढून आणले.